एका शर्टातल्या दहा हजार उवा

एका शर्टात किती उवा मावतात? पहिल्या महायुद्धाच्या काळात, खंदकांत राहिलेल्या सैनिकांचे कपडे तपासताना हे खरोखरच मोजलं गेलं. एकाच शर्टातून दहा हजारांहून जास्त उवा निघाल्या. शिवणींना चिकटलेली अंडी वेगळी, आणि तीही जवळपास तेवढीच.

आकडा अतिशयोक्त वाटत असेल तर हिशेब करून पाहू. अंगावरच्या उवांची संख्या अनुकूल परिस्थितीत दिवसाला ११ टक्क्यांपर्यंत वाढते, असं कीटकशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकातच काढून ठेवलं आहे. ११ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण हे चक्रवाढ व्याज रोजच्या रोज लागतं. आठवड्यात दुप्पट, महिन्यात तेवीसपट, दोन महिन्यांत पाचशेपट आणि तीन महिन्यांत बारा हजारपट. कपडे बदलायला मिळाले नाहीत, तर एका मादीपासून त्या शर्टापर्यंत पोहोचायला तीन महिने पुरतात. प्रत्यक्षात माणूस खाजवतो, मारतो, वेचतो, त्यामुळे सहसा इतकी मजल जात नाही. पण ज्याच्या अंगात तापामुळे खाजवण्याचंही बळ उरलेलं नाही, त्याच्या शर्टात ती जाऊ शकते.

ही डोक्यातली ऊ नव्हे. दिसायला जवळपास तशीच, दोन ते चार मिलिमीटरची, पण राहते कपड्यांच्या शिवणींत. काखेतली शिवण, कॉलरची घडी, चड्डीचा नेफा ही तिची घरं. दिवसातून पाचेक वेळा ती त्वचेवर येते, रक्त पिते आणि पुन्हा शिवणीत जाऊन बसते. मादी रोज आठ-दहा अंडी घालते आणि जेमतेम महिनाभर जगते. माणसाने कपडे घालायला सुरुवात केली त्यानंतरच ही जात डोक्यातल्या उवेपासून वेगळी झाली असणार. म्हणून शास्त्रज्ञांनी माणूस कधीपासून कपडे घालतो हे शोधायला उवांचे जनुक तपासले. २००३ साली उत्तर आलं सुमारे ७२ हजार वर्षं, २०११च्या अभ्यासात ते १ लाख ७० हजार वर्षांपर्यंत मागे गेलं. कुठलाही आकडा धरला तरी ही ऊ आपल्यासोबत शेतीच्या कितीतरी आधीपासून आहे.

आणि तरीही ती विलक्षण दुबळी आहे. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. माणसापासून दूर केली तर पाच ते सात दिवसांत उपाशी मरते. ५४ अंशांच्या पाण्यात कपडे धुऊन गरम हवेत वाळवले की ऊही मरते आणि अंडीही. तिच्याविरुद्ध लस लागत नाही, संशोधन संस्था लागत नाही. गरम पाणी आणि कपड्यांचा दुसरा जोड एवढ्यावर भागतं. या दोन गोष्टी ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांचे आकडे पुढे आहेत.

पहिल्या महायुद्धात ट्रेंच फीव्हर, म्हणजे खंदकातला ताप, दहा लाखांहून जास्त सैनिकांना झाला असा अंदाज आहे. ताप दर पाच दिवसांनी उलटून यायचा आणि नडगीची हाडं ठणकायची. कारण होतं बार्टोनेला क्विंटाना नावाचा जिवाणू. तो उवेच्या चाव्यातून येत नाही. येतो तिच्या विष्ठेतून, आणि माणूस स्वतःच्याच नखांनी खाजवून तो आत ढकलतो. युद्ध संपलं, खंदक बुजले, आणि हा आजार वैद्यकाच्या इतिहासात जमा झाला असं सगळ्यांनी धरून चाललं.

१९९३ च्या पहिल्या सहा महिन्यांत अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात एकाच रुग्णालयातल्या दहा रुग्णांच्या रक्तात हाच जिवाणू सापडला. हे सैनिक नव्हते, बहुतेक जण बेघर होते. तिथल्याच डाउनटाउनमधल्या एका दवाखान्यात येणाऱ्यांचं रक्त तपासलं, तर दर पाचांत एकाच्या रक्तात या जिवाणूच्या प्रतिपिंडांच्या खुणा निघाल्या. त्याच भागातल्या रक्तदात्यांत हे प्रमाण शंभरात दोन होतं. त्याच दशकात फ्रान्समधल्या मार्सेय शहरात ७१ बेघर रुग्ण तपासले तेव्हा १० जणांच्या रक्तात जिवंत जिवाणू सापडला. काहींच्या रक्तात तो महिनोन् महिने राहिला. पुढे त्याच शहरात ९३० बेघर माणसांची पाहणी झाली आणि २२ टक्के लोकांच्या अंगावर उवा आढळल्या. २००७-०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत १३८ जण तपासले, ३३ जणांना उवा होत्या. अंगावर उवा असलेल्यांपैकी दर तिघांत एकाच्या उवांमध्ये हा जिवाणू होता. ही जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरांपैकी एकाची गोष्ट आहे.

निदानाचा आकडा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. रक्तातला जिवाणू वाढवून पाहण्याची प्रयोगशाळेतली नेहमीची मुदत पाच दिवसांची असते. पाच दिवसांत काही उगवलं नाही तर नमुना निर्जंतुक म्हणून फेकला जातो. बार्टोनेला क्विंटाना इतका मंद वाढतो की त्याला तीन-तीन, कधी सहा आठवडे लागतात. म्हणजे डॉक्टरच्या मनात आधीच शंका नसेल, त्याने मुद्दाम वेगळी तपासणी सांगितली नसेल, तर कागदावर माणूस निरोगी ठरतो. इकडे तो जिवाणू हृदयाच्या झडपा कुरतडत राहतो. यातून झडप बदलण्याची वेळ येते, माणसं दगावतात. २०२२ मध्ये तर अमेरिकेत मृत बेघर दात्यांच्या अवयवांतून हा जिवाणू प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांपर्यंत पोहोचल्याचं लक्षात आलं. शहराने ज्याच्या शर्टाकडे पाहिलं नाही त्याची किडनी मात्र घेतली, आणि तिच्यासोबत खंदकातला तापही आला.

ट्रेंच फीव्हरने माणूस सहसा मरत नाही. उवेचा खरा जीवघेणा आजार टायफस. हा टायफॉईड नव्हे, दोघांचा संबंध नाही. रशियात यादवी युद्धाच्या आसपासच्या वर्षांत टायफसचे रुग्ण दोन-तीन कोटींच्या घरात होते आणि मृत्यू सुमारे तीस लाख. लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये २००१ साली नेपोलियनच्या सैन्याची सामूहिक कबर सापडली. तीन हजारांवर सांगाडे. त्यातल्या ३५ सैनिकांचे दात तपासले, तेव्हा सात जणांत ट्रेंच फीव्हरचा आणि तिघांत टायफसचा जिवाणू मिळाला. जवळपास दोनशे वर्षांनंतरही दाताच्या गाभ्यात पुरावा शाबूत होता. टायफसचा जिवाणू उवेच्या वाळलेल्या विष्ठेतही शंभर दिवसांपर्यंत तग धरतो, त्यामुळे मेलेल्या माणसाचा कोट अंगावर चढवणाऱ्यालाही धोका असतो.

टायफस पसरतो कसा हे कोडं सुटलं ट्युनिसमधल्या एका रुग्णालयाच्या दारात. शार्ल निकोल नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या लक्षात आलं की टायफसचे रुग्ण घरच्यांना आजार देतात, रस्त्यावर देतात, रुग्णालयात दाखल करून घेणाऱ्यांना आणि त्यांचे कपडे हाताळणाऱ्यांना देतात. मात्र दाराच्या आत, आंघोळ घालून रुग्णालयाचे कपडे चढवले की तोच रुग्ण शेजारच्या खाटेवरच्याला काहीही देत नाही. ताप तोच, माणूस तोच, बदलले होते फक्त कपडे. त्यावरून निकोल उवेपर्यंत पोहोचले आणि १९०९ मध्ये त्यांनी माकडांवर प्रयोग करून ते सिद्ध केलं. १९२८ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. बेघरांच्या आरोग्याबद्दल आज जे काही सांगायचं असतं ते सगळं मला त्या दारात दिसतं.

ऊ एका माणसावरून दुसऱ्याकडे का जाते हेही त्याच तापात आहे. तिला २९ ते ३२ अंशांची ऊब लागते. माणसाचा ताप चढला की तिला तो सोसवत नाही, माणूस मेला की गारठा सोसवत नाही. दोन्ही वेळा ती शेजारच्या अंगाकडे निघते. म्हणजे ऊ घर बदलते ती नेमकी माणूस सगळ्यात जास्त आजारी असताना, आणि निवारा केंद्राच्या हॉलमध्ये शेजारची गादी हातभर अंतरावर असते.

दुसऱ्या महायुद्धात, इटलीतल्या नेपल्समध्ये १९४३ च्या हिवाळ्यात हेच घडलं. बॉम्बहल्ल्यांत घरं गेलेली माणसं जमिनीखालच्या आश्रयस्थानांत दाटीवाटीने राहत होती, आणि टायफस तिथून शहरभर पसरला. दोस्त सैन्याने लोकांना रांगेत उभं करून कपड्यांच्या आत, बाह्यांत, कॉलरमध्ये डीडीटीची पूड फवारली. एकट्या जानेवारी १९४४ मध्ये सुमारे १३ लाख लोकांवर. भर हिवाळ्यात टायफसची साथ थांबवल्याचं ते पहिलं मोठं उदाहरण. पण उवा डीडीटीला सरावल्या आणि त्याचे इतर दुष्परिणामही पुढे आले. १९९७ मध्ये बुरुंडीतल्या निर्वासित छावण्यांत टायफस परतला तेव्हा रुग्णांचा अंदाज एक लाखाच्या आसपास होता. तिथे कामी आलं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा एका माणसाला बरं करायला बहुतेक वेळा पुरते. माणूस बरा होतो, पण शर्ट तोच राहतो.

मग औषधानेच उवा का घालवू नयेत? मार्सेयच्या डॉक्टरांनी हे मनापासून करून पाहिलं. तिथल्या एका निवारा केंद्रातल्या ३३ पुरुषांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आठवड्याच्या अंतराने तीनदा दिल्या. उवा असलेल्यांचं प्रमाण ८५ टक्क्यांवरून चौदाव्या दिवशी १८.५ टक्क्यांवर आलं. पंचेचाळिसाव्या दिवशी फायदा पुसला गेला होता. वरचं चक्रवाढीचं गणित इथे लावून पाहा. चौदा ते पंचेचाळीस म्हणजे ३१ दिवस, आणि ३१ दिवसांत उवांची संख्या पंचवीसपट होऊ शकते. त्यात बाहेरून नव्याने येणाऱ्या उवा धरलेल्याच नाहीत. नंतर त्याच शहरात परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेले आतले कपडे वाटले. दोन आठवड्यांनी ते घालणाऱ्यांपैकी २८ टक्के लोक ऊमुक्त होते, साधे कपडे घालणाऱ्यांपैकी ९ टक्के. दीड महिन्याने हाही फरक उरला नाही, आणि परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा मात्र वाढल्या. हे प्रयोग फसले असं मी म्हणणार नाही. औषध दोन आठवड्यांची उसंत देतं आणि त्या उसंतीत धुलाई झाली पाहिजे, हे त्यांनी आकड्यांत दाखवून दिलं.

मग धुलाईचाच हिशेब मांडू. जानेवारी २०२४ च्या सरकारी गणनेत अमेरिकेत एका रात्री ७,७१,४८० माणसं बेघर होती. प्रत्येकाचे कपडे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवायचे ठरवले तर वर्षाला सुमारे चार कोटी घाणे होतात. एक मशीन दिवसाला दहा घाणे काढेल असं धरलं तर मशीन लागतील अकरा हजार. अमेरिकेत तेरा कोटींवर घरं आहेत आणि दहांपैकी आठांहून जास्त घरांत वॉशिंग मशीन आहे. म्हणजे त्या देशाकडे आधीच असलेल्या दर साडेनऊ-दहा हजार मशीनमागे आणखी एक. पाण्याचं म्हणाल तर घाण्याला ६० लिटर धरून वर्षाचे २४० कोटी लिटर होतात. एकट्या मुंबईला रोज ३८०-३९० कोटी लिटरच्या आसपास पाणीपुरवठा होतो. आपलं एक शहर एका दिवसात जेवढं पाणी वापरतं त्याच्या दोन तृतीयांशांहून कमी पाण्यात एका महासत्तेतल्या सगळ्या बेघरांचे कपडे वर्षभर, दर आठवड्याला धुऊन निघतील. हा हिशेब मी पुन्हा पुन्हा तपासला, कारण आकडा इतका लहान निघेल असं वाटलं नव्हतं.

अर्थात मशीन म्हणजे सगळं काही नाही. ड्रायर हवा, साबण हवा, वीज हवी, मशीनपाशी उभा राहणारा माणूस हवा. आणि ज्याच्याकडे अंगावरचे तेवढेच कपडे आहेत तो मशीन फिरत असताना काय घालणार? बहुतेक योजना इथेच अडतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहरात २०१४ मध्ये वीस वर्षांच्या दोन मित्रांनी एका व्हॅनमध्ये दोन वॉशिंग मशीन आणि दोन ड्रायर बसवले आणि रस्त्यावरच्या लोकांचे कपडे फुकट धुऊन द्यायला सुरुवात केली. ऑरेंज स्काय हे त्या संस्थेचं नाव. कपडे धुऊन होईपर्यंतच्या तासाभरात खुर्च्या मांडून गप्पा मारायच्या हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. खोकला, नडगीची दुखणी, अंगावरचं खाजवणं बोलून दाखवायला एवढा निवांत तास बेघर माणसाला दुसरीकडे क्वचितच मिळतो.

पिसवेचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे नुसत्या धुलाईने भागत नाही. ऊ माणसाशिवाय जगू शकत नाही. पिसवेला माणसाची गरज नाही, उंदीर, मांजर, कुत्रा यांवर तिचं उत्तम चालतं. उडीच्या क्षणी तिचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या शंभर पटींहून जास्त दराने वाढतो. अवकाशयानातल्या प्रवाशाला उड्डाणात साधारण तीन पट जोर सोसावा लागतो. शिवाय ढोबळ हिशेब असा की आपल्याला दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या पाच टक्केच असतात, बाकी अंडी, अळ्या आणि कोष जमिनीवर, अंथरुणात, फटींत पडलेले असतात. लॉस एंजेलिस काउंटीत पिसवांतून पसरणाऱ्या, उवांच्या टायफसहून वेगळ्या टायफसचे २०१० मध्ये ३१ रुग्ण होते, २०२२ मध्ये १७१ झाले आणि त्या वर्षी तिघे मरण पावले. हे सगळे बेघर नव्हते, घरात मांजर पाळणारेही त्यात होते. पण २०१८ मध्ये डाउनटाउनमध्ये जो नऊ जणांचा पुंजका सापडला त्यातले सहा बेघर होते. कचरा न उचललेल्या फूटपाथवर, उंदरांच्या बिळांशेजारी, जमिनीवर झोपणाऱ्याच्या वाट्याला पिसवा आधी येतात.

उंदीर आणि पिसवा यांचं नातं मुंबईला फार महागात पडलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. १८९१ मध्ये मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या जवळ होती, १९०१ मध्ये ती पावणेआठ लाखांवर आली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या दोन-अडीच दशकांत देशभरातला मृतांचा आकडा एक कोटीवर गेला. त्या वेळी सरकारने घरांत घुसून सामान जाळलं, माणसं हलवली, पण पिसवेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवेवर बोट ठेवलं, तरी ते पटायला वर्षं गेली. खात्री पटली ती मुंबईतल्या संशोधकांच्या प्रयोगांनी. प्लेग झालेल्या घरांत गिनिपिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या जनावरांना प्लेग झाला, दोन फुटांवरच्यांना झाला नाही. तिथपर्यंत पिसवेची उडी पोहोचत नव्हती.

त्या दोन फुटांत बेघरांसाठीची सगळ्यात स्वस्त सूचना आहे. निवारा केंद्रात सतरंजीऐवजी खाट द्या. दुसरा धडा क्रमाचा. आधी पिसवा माराव्यात, मग उंदीर. उंदीर आधी मेले तर उपाशी पिसवा जवळच्या उबदार अंगाकडे वळतात, आणि ते अंग फूटपाथवर झोपलेल्याचं असतं. तंबू उखडून माणसांना पुढच्या चौकात हुसकावलं तर बिळं आणि कोष जागेवरच राहतात. आजाराच्या नावाखाली केलेल्या अशा हकालपट्टीला मी आरोग्याचं काम मानत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, बृहन्मुंबईत ५७ हजारांवर. शहरी निवाऱ्यांचा नियम एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचं एक निवारा केंद्र असा आहे. मुंबईच्या तेव्हाच्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येला तो तंतोतंत लावला तर जागा होतात १२,४००. म्हणजे नियम पूर्ण पाळला तरी पाचांपैकी जवळपास चौघे रस्त्यावरच. आपल्याकडच्या उकाड्यात, एका सदऱ्यावर राहणाऱ्या माणसाला अंगावरच्या उवांचा त्रास मार्सेयइतका नसेल. पण उत्तरेतल्या थंडीत थरावर थर चढवून झोपणाऱ्यांना ती सवलत नाही, आणि उंदीर तर आपल्या प्रत्येक शहरात आहेत.

थंडी सुरू झाली की आपल्याकडे ब्लँकेटवाटप होतं. यंदा तुमचं मंडळ किंवा सोसायटी ते करणार असेल तर थोडी ब्लँकेट कमी करून त्या पैशांत कपड्यांचे दुसरे जोड घ्या, आणि जवळच्या निवारा केंद्रात महिन्यातून चार वेळा लाँड्रीवाल्याकडून गरम पाण्याची धुलाई लावून द्या. जमलं तर खाटाही. केंद्रात गरम पाणी येतं का, कपडे धुवायची सोय आहे का, उंदरांचा बंदोबस्त शेवटचा कधी झाला, हे वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.